पबमध्ये अडवलं, मॅच बुडाली आणि आता क्लबचं पत्र

प्रश्न : ताई, मी इंग्लंडमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी करतो. एका फुटबॉल क्लबचा सभासद आहे, अवे मॅचनाही जातो. तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या शहरात मॅचला गेलो होतो. स्टेशनजवळच्या पबमध्ये आमच्या क्लबचे चाळीसेक जण बसले होते. भांडण नाही, आरडाओरडा नाही. पोलिसांनी दार अडवलं आणि दीड तास कोणाला बाहेर सोडलं नाही. मग नाव, पत्ता, जन्मतारीख सांगून कॅमेऱ्यासमोर उभा राहील त्यालाच बाहेर, असं सांगितलं. हातात ‘कलम ३५’चा कागद दिला आणि परतीच्या गाडीत बसवलं. तीस पौंडांचं तिकीट खिशातच राहिलं. आता क्लबचं पत्र आलंय की पोलिसांकडून मिळालेल्या माहितीवरून सभासदत्व स्थगित केलं आहे. मला अटक झालेली नाही, गुन्हाही नाही. काही करता येईल का? व्हिसाला धोका आहे का? मित्र म्हणतात, परका देश आहे, गप्प बस.

उत्तर : गप्प बसू नका. कायद्याचं नंतर सांगते, आधी आज रात्री काय करायचं ते ऐका. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पुरावा म्हणून बाजूला काढलेलं नसेल, तर ते साधारणपणे ३१ दिवसांनी पुसलं जातं. तुमचे तीन आठवडे गेलेच आहेत. त्या पोलीस दलाला लगेच ईमेल करा. तारीख, वेळ, पबचं नाव आणि त्या दिवशी अंगावर कोणते कपडे होते ते लिहा. चित्रण राखून ठेवा, असं स्पष्ट सांगा. त्याच ईमेलमध्ये ‘सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट’ करा, म्हणजे तुमच्याबद्दल त्यांच्याकडे जे जे नोंदलंय त्याची प्रत मागा. याला फी नसते आणि उत्तर द्यायला त्यांना सर्वसाधारणपणे एक महिना असतो. पबच्या सीसीटीव्हीसाठी पबलाही असंच कळवा. क्लबलाही तीच रिक्वेस्ट पाठवा. पोलिसांनी तुमच्याबद्दल क्लबला नेमकं काय कळवलं, हे तिथूनच बाहेर येईल.

मग स्वतःची हकीकत लिहून काढा. किती वाजता आत गेलात, दार कधी अडवलं, कोणत्या अधिकाऱ्यानं कोणते शब्द वापरले, खांद्यावरचा नंबर दिसला का, कोणी पाणी मागितलं, कोणाला बाहेर पडायची गरज होती. पबमध्ये कार्डनं पैसे दिले असतील तर बँकेच्या नोंदीत वेळ सापडेल. कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मित्रांनीही लिहावं, पण प्रत्येकानं वेगळं, एकमेकांचं न वाचता. मी यावर इतका जोर देते त्याला कारण आहे. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत ९७ चाहते गेले आणि दोष चाहत्यांच्याच माथी मारला गेला. पोलिसांचे १६४ जबाब नंतर बदलले गेले आणि त्यांतल्या ११६ जबाबांमधून पोलीस दलाला अडचणीचा मजकूर काढला किंवा फिरवला गेला, हे स्वतंत्र पॅनेलनं २०१२ मध्ये उघड केलं. चाहत्यांच्या वागण्यामुळे ती दुर्घटना घडली नाही, हे ज्युरीनं सांगायला २०१६ उजाडलं. तुमचं प्रकरण त्यापुढे फार लहान आहे, पण पोलिसांची वही हीच एकमेव नोंद उरू देऊ नका.

आता तो कागद. कलम ३५ हे २०१४ च्या अँटी-सोशल बिहेवियर, क्राइम अँड पोलिसिंग ॲक्टमधलं. एखाद्या भागातून निघून जा आणि जास्तीत जास्त ४८ तास परत येऊ नका, असा हुकूम पोलीस त्याखाली देऊ शकतात. त्यासाठी इन्स्पेक्टर किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी मंजुरी लागते. खरी मेख मात्र पुढे आहे. ज्याला हुकूम द्यायचा त्या माणसाच्या स्वतःच्या वागण्यामुळे त्या भागातल्या लोकांना त्रास झाला, भीती वाटली किंवा गुन्हा, दंगा झाला अथवा होण्याची शक्यता आहे, असा वाजवी संशय हुकूम देणाऱ्या पोलिसाला असला पाहिजे. अमुक क्लबचा स्कार्फ गळ्यात आहे, अमुक पबमध्ये बसलाय, एवढ्यावर हे कलम भागत नाही. चाळीस जणांना एकाच ठशाचा कागद वाटला असेल तर प्रत्येकाबद्दल कोणता संशय होता, हे पोलिसांना सांगता आलं पाहिजे. बहुतेक वेळा ते अडतात तिथेच.

तरी बाजू एकतर्फी आहे असं मी म्हणणार नाही. कायद्यात ‘शक्यता’ हा शब्द आहे, आणि गटात ओळखीचे दंगेखोर होते, स्पॉटरनी, म्हणजे गर्दीतले असे चेहरे हेरणाऱ्या पोलिसांनी, ते टिपले होते, असं पोलीस म्हणतील. म्हणूनच तुम्ही कोणाबरोबर, कुठल्या टेबलाशी बसला होता ही बारीक गोष्टही लिहून ठेवा. २००८ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाकडे निघालेल्या स्टोक सिटीच्या चाहत्यांना असंच एका पबमधून उचलून माघारी धाडलं होतं. तेव्हा कायदा वेगळा होता, २००६ च्या ॲक्टचं कलम २७. पुढे त्या चाहत्यांना पोलिसांकडून नुकसानभरपाई मिळाली.

दीड तास कोंडून ठेवण्याबद्दल कोर्टांचा कल थोडा पोलिसांकडे झुकतो, हे आधीच सांगितलेलं बरं. लंडनमध्ये २००१ साली जमावाला कित्येक तास घेरून ठेवलं, त्या ऑस्टिन खटल्यात युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं २०१२ मध्ये पोलिसांची बाजू घेतली. फुटबॉल मॅचला जाणाऱ्याला हालचालीवरची तात्पुरती बंधनं सोसावी लागतात, असा उल्लेखही त्या निकालात आहे. पण घेरण्याला शांतताभंग अगदी तोंडावर आलेला असावा लागतो, दुसरा उपाय उरलेला नसावा लागतो आणि गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त चालत नाही. २००६ च्या लापोर्ट निकालात निदर्शनाला निघालेल्या बसभर माणसांना अडवून लंडनला परत पाठवणं बेकायदा ठरलं, कारण तेव्हा शांतताभंग तोंडावर आलेलाच नव्हता. तुम्ही शांत बसून पीत होतात, हे सिद्ध झालं तर तुमचं प्रकरण लापोर्टच्या अंगानं जातं.

नाव आणि कॅमेऱ्याबाबत मात्र तुमची बाजू भक्कम आहे. घेरावातून सोडण्याची अट म्हणून ओळख सांगायला लावणं आणि चित्रण करणं याचा पोलिसांना अधिकार नाही, हे हायकोर्टानं २०१३ च्या मेंगेशा खटल्यात स्वच्छ सांगितलंय. अपवाद एक. तुम्ही समाजविघातक वागत आहात असं अधिकाऱ्याला वाजवी कारणानं वाटलं, तर २००२ च्या पोलीस रिफॉर्म ॲक्टच्या कलम ५० खाली तो नाव-पत्ता मागू शकतो आणि नकार दिला तर तो गुन्हा ठरतो. म्हणून पुन्हा कधी अशी वेळ आली तर वाद घालू नका. ‘कोणत्या कलमाखाली विचारताय?’ एवढंच शांतपणे विचारा आणि उत्तर लक्षात ठेवा. हातात कलम ३५चा कागद पडलाच तर तो मोडून स्टेडियमकडे चालू लागू नका. हुकूम चुकीचा वाटला तरी तो वाजवी कारणाशिवाय मोडणं हा गुन्हा आहे आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तुम्ही परत गेलात ते शहाणपणाचंच केलंत. तुमचा फोटो त्यांच्याकडे पडून असेल तर तो काढून टाकण्याची मागणी करा. निरपराध माणसाचा फोटो निमित्त संपल्यावरही जपून ठेवणं २००९ च्या वुड निकालात खाजगी आयुष्यात अवाजवी ढवळाढवळ ठरलं आहे.

व्हिसाचं म्हणाल तर कलम ३५चा कागद ही शिक्षा नव्हे. ना दोषसिद्धी, ना कॉशन, म्हणजे गुन्हा कबूल करून घेतलेली पोलिसांची ताकीद. क्लबची बंदीही खाजगी बाब आहे. घाबरायचं ते पुढच्या पायरीला. १९८९ च्या फुटबॉल स्पेक्टेटर्स ॲक्टखाली पोलीस गुन्हा सिद्ध न होताही मॅजिस्ट्रेटकडे ‘फुटबॉल बॅनिंग ऑर्डर’, म्हणजे मॅचला जाण्यावर बंदीचा हुकूम, मागू शकतात. ती तीन ते पाच वर्षांची असते आणि मोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होते. २००२ च्या गॉफ निकालानुसार त्यासाठीचा पुरावा जवळपास फौजदारी खटल्याइतकाच पक्का लागतो. पण कोर्टात कोणी उभंच राहिलं नाही तर पुरावा तपासणार कोण? म्हणून पोलिसांकडून तसं पत्र किंवा ‘येऊन जरा बोलून जा’ असा फोन आला तर सॉलिसिटरशिवाय, म्हणजे वकिलाशिवाय, जाऊ नका. पोलिसांच्या चौकशीत सॉलिसिटरचा सल्ला मोफत मिळतो, नागरिकत्व वा पगार कितीही असो. ‘कॉशन घे, प्रकरण मिटेल’ असं कोणी सुचवलं तर सही करायची नाही. व्हिसाच्या अर्जात ती दाखवावी लागते.

क्लबला आठवडाभरात लेखी उत्तर द्या. माझं नेमकं कोणतं वर्तन, कोणत्या नियमाखाली, कशाच्या आधारावर, आणि अपील कुठे, हे चार प्रश्न विचारा. रागाचा एक शब्द नको. अपील फेटाळलं तर इंडिपेंडंट फुटबॉल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे फुटबॉलमधल्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र लवादाकडे, जाता येतं.

पोलिसांविरुद्धची तक्रार त्या दलाच्या प्रोफेशनल स्टँडर्ड्स विभागाकडे बारा महिन्यांच्या आत करा. मानवाधिकार कायद्याखालच्या दाव्याला एक वर्ष आहे आणि बेकायदा अडकवून ठेवल्याच्या दाव्याला सहा. दाव्याचं ठरवण्याआधी फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशन या चाहत्यांच्या संघटनेशी बोला, अशी प्रकरणं त्यांच्याकडे नेहमी येतात. आणि त्या चाळिसांतले जितके जण तयार होतील तितके एकाच सॉलिसिटरकडे जा. खर्च वाटला जाईल, आणि चाळीस कागदांवर संशयाचं एकच वाक्य छापलेलं असेल तर ते कोर्टासमोर एकत्रच ठेवता येईल.