पॅरिसला आई-वडिलांसह जाताना शहराचा कोणता नकाशा घ्यावा?

सत्तरीतल्या आई-वडिलांना घेऊन आपण सहा दिवस पॅरिसला जाणार आहात, आणि मोबाइल असताना कागदी नकाशा घ्यावा का, घ्यायचा तर कोणता, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो घ्यावाच. मी अमळनेरच्या एका शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर पत्नीसह पॅरिसला जाऊन आलो. मुलांना नकाशावाचन शिकवणारा मी तिथे नकाशानेच कसा फसलो, ते आधी सांगतो.

आम्ही उतरलो त्या हॉटेलच्या काउंटरवर फुकट नकाशांचा गठ्ठा होता. त्यातला एक उचलून आम्ही माँमार्त्रच्या टेकडीकडे निघालो. त्यावर साक्रे-कर चर्चचे चित्र इतके मोठे छापले होते की चार-पाच गल्ल्या त्याखाली झाकल्या गेल्या होत्या, आणि चढाचा तर कुठे मागमूसही नव्हता. आबेस स्थानकावर उतरलो. पॅरिसच्या मेट्रोतले हे अतिशय खोल, जमिनीखाली 36 मीटरवर असलेले स्थानक. तिथे लिफ्ट आहे हे आमच्या लक्षात आले नाही. गोल जिन्याने धापा टाकत वर आलो, तेव्हा कळले की टेकडीची चढण अजून पुढेच आहे. पत्नी तिथल्याच एका पायरीवर बसली आणि म्हणाली, “आते ठेवा तो नकाशा पिशवीमा, आनि कोन्हले तरी इचारा.” जवळच्या आँव्हेर स्थानकावर उतरलो असतो, तर तिथून थोडे चालून टेकडीवर नेणारी फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर केबलने ओढली जाणारी गाडी, मिळाली असती. म्हणून आई-वडील सोबत असताना जिने, लिफ्ट आणि सार्वजनिक स्वच्छतागृहे दाखवणारा नकाशा मिळाला, तर तो चार पैसे जास्त देऊनही घ्यावा.

सर्वांत आधी प्रमाण पाहावे. शाळेत आम्ही 1:50,000 चे स्थलदर्शक नकाशे वापरत असू. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि तोरणमाळची डोंगररांग समजून घ्यायला ते उत्तमच. पण शहरात त्या प्रमाणावर शंभर मीटरची गल्ली जेमतेम दोन मिलिमीटर भरते. पायी फिरणाऱ्याला 1:10,000 चा नकाशा, म्हणजे एक सेंटिमीटरला शंभर मीटर, सर्वांत सोयीचा. 1:15,000 चालेल, 1:20,000 च्या पुढे जाऊ नये. ज्या नकाशावर प्रमाणपट्टीच नाही, तो चित्र म्हणून ठेवावा. मेट्रोच्या आराखड्यावरूनही अंतर मोजू नये, कारण तो प्रमाणबद्ध नसतो. लंडनच्या तशाच आराखड्यात लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही स्थानके चांगली अंतर राखून दिसतात, प्रत्यक्षात त्यांच्यात सुमारे 260 मीटर आहेत.

अडचण अशी की पॅरिसची रुंदी दहा-बारा किलोमीटर असल्यामुळे 1:10,000 चा एकसंध नकाशा मीटरभराहून मोठा होतो. सीन नदीच्या पुलावर वाऱ्यात तो उघडून पाहा म्हणजे कळेल. शिवाय घडी नेमकी शहराच्या मधोमध पडते आणि कागद तिथेच आधी फाटतो. आमच्या शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशांना कापडाचे अस्तर उगीच लावलेले नसे. म्हणून एका मोठ्या कागदापेक्षा शहराच्या वीस आरोंदिसमाँप्रमाणे, म्हणजे प्रशासकीय विभागांप्रमाणे, पाने असलेली खिशात मावणारी पुस्तिका बरी.

रस्त्यांच्या नावांची सूची नसेल तर नकाशा घेऊ नये. आपल्याकडे “मारुतीच्या पारामागे, गिरणीला लागून” एवढ्यावर माणूस घरी पोहोचतो, तिथे रस्त्याचे पूर्ण नाव लागते. बुल्व्हार (रुंद हमरस्ता) व्हॉल्तेर अकराव्या आरोंदिसमाँत आहे, तर के (नदीकाठचा रस्ता) व्हॉल्तेर सातव्यात, सीनच्या काठावर. नुसते “व्हॉल्तेर” धरून निघालात तर भलतीकडेच पोहोचाल. कोपऱ्यांवर घरक्रमांक छापलेले असतील तर फारच छान. 1805 पासून तिथे नदीला काटकोनात असलेल्या रस्त्यांचे क्रमांक नदीपासून सुरू होतात आणि समांतर रस्त्यांचे प्रवाहाच्या दिशेने वाढतात. बोरी नदीच्या काठी राहणाऱ्या मला ही रीत फार आवडली, कारण नदीला काटकोनातल्या रस्त्यावर घरांचे आकडे कोणीकडे वाढतात हे पाहिले की नदी कोणत्या बाजूला आहे हे समजते.

नकाशा ताजा आहे का, हे मेट्रोच्या 14 क्रमांकाच्या मार्गावरून ओळखता येते. हा मार्ग जून 2024 मध्ये ओर्ली विमानतळापर्यंत पोहोचला. मेट्रोच्या आराखड्यात तो दक्षिणेला ओलँपियाद स्थानकावरच संपत असेल, तर नकाशा जुना समजावा.

मोबाइलवर शहराचा नकाशा आधीच उतरवून ठेवा. इंटरनेट नसले तरी जीपीएस आपली जागा दाखवतो. पण सगळ्यांनी एका पडद्यात डोकावून दिवसाचा बेत आखता येत नाही, आणि आई-वडिलांना तर तो मुळीच दिसणार नाही. दुकानात नकाशा निवडताना तो वडिलांच्याच हातात द्यावा आणि हॉटेलचा रस्ता सूचीतून शोधायला सांगावे. त्यांच्या चष्म्याने तो दोन मिनिटांत सापडला नाही, तर दुसरा नकाशा पाहावा. आणि आबेसला उतरलातच, तर लिफ्टची रांग कितीही लांब दिसली तरी थांबा.