आधी टेलला जा

विटा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

कालव्याचं पाणी शेतकऱ्यांत वाटणाऱ्या पाणीवापर संस्थेचा अध्यक्ष म्हणून तुझी बिनविरोध निवड झाल्याचं कळलं. अभिनंदन. पण बिनविरोधचा अर्थ नीट समजून घे. दोन्ही गटांना तू नको नव्हतास, एवढंच त्यातनं दिसतं. हवा आहेस की नाही, ते दोन-तीन आवर्तनं, म्हणजे पाणी सुटायच्या दोन-तीन फेऱ्या, झाल्यावर ठरेल.

तू लिहितोस, भाषण जमत नाही, घरात कुणी राजकारणात नाही, मग लोक ऐकतील का? भाषण वर्षातनं एकदा, वार्षिक सभेला लागतं, आणि तेही लांबलं तर लोक चहाकडे बघतात. बाकी वर्षभर लागतात पाय आणि हिशोब. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, त्याआधी ते किर्लोस्करांचे नांगर विकत फिरत होते. शेतकऱ्याला नांगर विकायचा तर आधी बांधावर बसून त्याच्या जमिनीचं रडगाणं ऐकावं लागतं. ती सवय पुढं त्यांना कामाला आली असणार, असं मला वाटतं.

तर पहिलं काम: पाणी सुटायच्या आठ दिवस आधी, दारं उघडणाऱ्या पाटकऱ्याला बरोबर घेऊन चारी, म्हणजे कालव्यातनं रानाकडे येणारा पाट, चालायची. सुरुवात टेलपासून, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकापासून, करायची. वरून खाली येणारा अध्यक्ष निम्म्यात चहाला थांबतो आणि शेवटचा किलोमीटर राहतो. जाताना वहीत लिही: कुठलं दार गळतंय, कुठं पाणकणीस माजलंय, कुणी भराव फोडून पाईप घातलाय. पाईपवाल्याला तिथंच झापू नकोस. नुसतं लिही. लिहिताना त्यानं बघितलं की निम्मं काम होतं. टेलच्या शेतकऱ्याजवळ मात्र अर्धा तास बस. पाणीवापर संस्थांच्या २००५ च्या कायद्यानं संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ (म्हणजे टेल) अशा तिन्ही भागांतली माणसं घेतली ती उगाच नाही. पण मंडळात नाव असणं वेगळं आणि रानात पाणी पोचणं वेगळं.

आता शब्द देण्याचं. माझ्या मते सगळं नेतृत्व इथंच तरतं किंवा बुडतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, तासाला साधारण एक लाख लिटर. एकराला तीन इंच पाणी द्यायचं तर तीन लाख लिटर लागतात, म्हणजे कागदावर तीन तास. पण माती-गवताच्या चारीतनं टेलला जाईपर्यंत क्युसेकचा पाऊण राहिला, तर त्याच एकराला चार तास लागतात. सगळ्यांना सरसकट तीन तास लावलेस तर तू अन्याय केलास, तोही कागदावर समान वाटप दाखवून. आपलं टेंभू योजनेचं पाणी उपशाचं, म्हणजे पंपानं उचललेलं आहे. पंप ट्रिप झाला की चारी रिकामी होते, पुन्हा भरायला वेळ जातो आणि तो वेळ टेलच्याच पाळीतनं, म्हणजे त्याच्या ठरलेल्या तासांतनं, जातो. म्हणून सात दिवसांच्या आवर्तनाचे १६८ तास हाताशी असले तरी पाळीपत्रकात १५० च वाट. उरलेले १८ कुणालाही सांगू नकोस, सख्ख्या भावालाही नाही. खोळंबा झाला की त्यातनं भरून दे. नवा अध्यक्ष उत्साहात १६८ चे १६८ वाटतो, तिसऱ्या दिवशी वीज जाते आणि मग वर्षभर त्याच्या शब्दाला कुणी किंमत देत नाही.

रात्री दोनला फोन येईल: "वरच्यानं दार मोडलं, या लगेच." फोनवर निकाल देऊ नकोस. जा. पोचल्यावर पहिलं काम, पाणी ज्याच्या पाळीचं आहे त्याच्या रानात चालू करायचं. भांडण चालू राहिलं तरी चालेल, पाणी वाया जाता कामा नये. मग दोघांना वेगवेगळं बाजूला घेऊन विचार आणि वहीत चार रकाने भर: दार नंबर, पाळी कुणाची, पाणी किती वाजता तुटलं, किती वाजता सुरू झालं. दोघांच्या सह्या घे. सही करताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. चूक वडीलधाऱ्या तात्यांची असली तर चारचौघांत त्यांना पाडून बोलू नकोस. दंडाची पावती मात्र सकाळी घरी पोचली पाहिजे. चूक तुझ्या चुलत्याची निघाली तर पावती त्याच रात्री फाड. भावकी चार महिने बोलणार नाही. ते सोसायची तयारी नसेल तर आत्ताच राजीनामा दिलेला बरा.

स्वतःची पाळी जिथं येते तिथंच घे. पुढं ओढू नकोस, तशी सोडूनही देऊ नकोस. त्याग दाखवणारा अध्यक्ष पुढं कधीतरी त्याचं व्याज वसूल करतो, असं लोकांना पक्कं ठाऊक असतं.

चूक तुझ्याकडून होईलच. तास लावताना कुणाचा एकर धरायचा राहील. त्याच दिवशी ग्रुपवर तीन ओळी टाक: काय चुकलं, कुणाचे किती तास गेले, कधी भरून देणार. वीज मंडळाला शिव्या चौथ्या ओळीत नकोत.

मीटिंगचं थोडक्यात. प्रोसिडिंग, म्हणजे मीटिंगचा वृत्तांत, घरी नेऊन लिहायचं नाही. तिथंच लिहायचं, मोठ्यानं वाचायचं, मग सह्या. महिला संचालकांच्या जागी त्यांचे मालक येऊन बसतात. त्यांना चहा पाज आणि बाईंना बोलावून आण, तोवर ठराव थांबू दे. पहिल्या दोन मीटिंगला लोक हसतील.

आणि सगळं एकट्यानं ओढू नकोस. मेन दाराच्या चाव्या दोन कर, एक पाटकऱ्याकडे, दुसरी टेलच्या संचालकाकडे. तुझ्याकडे एकही नको. तुझ्याकडे चावी असली की रात्री-अपरात्री माणसं तुझ्या दारात येऊन मनधरणी करणार, आणि कधीतरी तू विरघळणार.

पाळीपत्रक तयार झालं की पाठव, तासांची बेरीज बघून देतो. चारीवर जाताना बॅटरी, काठी आणि गमबूट विसरू नकोस. उसाच्या कडेला घोणस असते.

तुझा,
काका