हात तिथं पोचलाच कसा?

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. आयटीआयमध्ये निदेशक म्हणून रुजू झालीस, फार बरं वाटलं. सुरक्षेच्या तासाला मुलं जांभया देतात, अशी तुझी तक्रार. फोनवर नीट बोलणं झालं नाही, म्हणून हे पत्र.

जांभया देणारच. हेल्मेट घाला, बूट घाला, एवढंच वाचून दाखवल्यावर कोण जागं राहील? ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथही त्याच वळणाची. हात पुढं करून म्हणायची आणि चहाला पळायचं. शपथ घे, घ्यावीच लागते. शिकवणं मात्र मशीनपाशी कर. लेथच्या चकमध्ये, म्हणजे घडवायचा तुकडा (जॉब) धरणाऱ्या पकडीत, किल्ली विसरली आणि मशीन चालू झालं, तर ती कुठं उडेल? मेन स्विच बंद ठेवून मुलांनाच बोटानं दाखवायला सांग. फिरत्या जॉबजवळ हातमोजे चालत नाहीत, कारण मोजा अडकला की त्याच्यामागनं हात आत जातो. पण भिंतीवरच्या पाटीवर ‘हातमोजे वापरा’ असतं. कारण सांगितलं नाहीस तर पोरगं पाटीचं ऐकणार.

तुझी बरीच मुलं कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले एमआयडीसीत जाणार, त्यातली कितीतरी फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात. त्यांना ओल्या भंगाराबद्दल पावसाळ्यातच शिकव. आपल्याकडचा आषाढ तुला ठाऊक आहे, उघड्यावरचं स्क्रॅप कोरडं राहत नाही. वितळलेलं लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास असतं. त्याच्याखाली पाणी सापडलं की क्षणात वाफ होते, आणि पाण्यापेक्षा वाफेला सुमारे सोळाशे पट जागा लागते. मग भट्टीतलं लोखंड बाहेर उसळतं. भंगारातला दोन्ही टोकं बंद असलेला पाइप किंवा नीट न तापवलेलं लॅडल, म्हणजे लोखंड ओतायचं भांडं, धोका तोच. हे गणित फळ्यावर मांड. पोरं जांभई विसरतील.

वाळूच्या धुळीचं शिकवणं जास्त अवघड. तिचा स्फोट होत नाही की ती भाजत नाही. फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला, बसलेल्याच्या छातीत वाळूतली सिलिका वर्षानुवर्षं साठते, दम लागायला लागतो, आणि पुष्कळदा आधी टीबीचीच औषधं सुरू होतात. हा सिलिकोसिस, तो बरा होत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यानं तो डॉक्टरनं सरकारला कळवायच्या रोगांत धरला होता. पण कामाला कुठं होतास, हे डॉक्टरनं विचारलं तर ना! म्हणून मुलांना सांग, कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आपलं काम काय, हे आधी सांगायचं.

आता मूळ मुद्दा. अपघात झाला की गेटवर पहिलं वाक्य ऐकू येतं, “त्याचंच लक्ष नव्हतं.” हे वाक्य वर्गात चालू देऊ नकोस. पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात त्यावर असल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये म्हणून. माणूस त्यातलं एक बटण काडी घालून दाबून ठेवतो. का? पीसवर पैसे मिळतात म्हणून, टार्गेट गाठायचं म्हणून, शेजारच्या प्रेसवर तसंच चाललंय म्हणून. सुपरवायझरला ती काडी दिसत नाही असं मी तरी मानत नाही. तेव्हा प्रत्येक अपघातापाशी मुलांना एकच विचार: हात तिथं पोचलाच कसा? गार्ड कुणी काढला, कुणी काढू दिला, पुन्हा का बसवला नाही? लक्ष सगळ्यांचंच कधीतरी उडतं, घरी पोर आजारी असलं की जास्तच. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यानंही पुढं १९३३ च्या दुरुस्तीत हे ओळखलं होतं. कामगारानं मुद्दाम गार्ड काढला असला, तरी मृत्यू झाल्यास तेवढ्यावरून मालकाची जबाबदारी टळत नव्हती. इंग्रजी अमलातल्या कायद्याला जे उमगलं, ते आपल्या चहाच्या टपरीवर अजून उमगायचंय.

२८ एप्रिलला कामावर जीव गमावलेल्या, जायबंदी झालेल्या कामगारांची जगभर आठवण काढतात. तूही काढ, फक्त मेणबत्त्या लावून थांबू नकोस. मुलांनाच विचार, तुमच्या गावात उसाच्या चरकात हात गेलेला कुणी आहे का? करवीर, पन्हाळा, कागलकडची पोरं. गुऱ्हाळ सगळ्यांनी पाहिलंय, कुणीतरी बोलेलच. त्या माणसाचं आज कसं चाललंय, भरपाई मिळाली का, त्या चरकाला आता आडोसा बसवलाय का, हे त्यांना विचारून येऊ दे. मृत माणसाचं नाव घ्यायचं तर घरच्यांना आधी विचार. अपघाताचे व्हिडिओ मात्र दाखवू नकोस. पोरं एक तर तोंड फिरवतात नाहीतर हसतात. त्यातून शिकत कुणीच नाही.

बोटं गमावलेले एक जुने प्रेस ऑपरेटर माझ्या ओळखीचे आहेत, उद्यमनगरात असतात. त्यांच्याशी बोलतो. तयार झाले तर अपघातानं सुरुवात करू नकोस. डाय, म्हणजे प्रेसचा साचा, सेट करण्यात त्यांचा हात धरणारा आजही सापडायचा नाही. आधी मुलांना ते शिकवू देत, बाकीचं त्यांना सांगावंसं वाटलं तर ते सांगतील. फोटो काढायचे नाहीत. आणि त्यांचा दिवसाचा रोज बुडणार आहे, तेव्हा मानधन प्राचार्यांकडून आधीच मंजूर करून घे. नंतर व्हाउचरवर सह्या घेत फिरवू नकोस.

तुझा,
जुना मास्तर