रातकिड्याचे कान कुठे असतात?

प्रश्न : मखमलाबादच्या आमच्या द्राक्षमळ्यात पावसाळ्यात रात्रभर रातकिड्यांची किरकिर चालते, पण जवळ पाऊल टाकताच ते गप्प होतात. डोक्यावर कान दिसत नसताना त्यांना ऐकू कसे येते?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : रातकिड्याचे कान त्याच्या पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या किंचित खाली असतात. भिंगातून पाहिल्यास तेथे लंबगोल, चकचकीत पडदा दिसतो. या पडद्यावर ध्वनी बाहेरून आदळतो, तसाच तो छातीच्या बाजूच्या छिद्रांतून श्वासनलिकेमार्गे आतूनही पोहोचतो; या दोन्हींच्या मिलाफाने पडदा कमीअधिक थरथरतो आणि त्यावरूनच मादीला गाणारा नर कोणत्या दिशेला आहे हे उमगते. आपण जिला किरकिर म्हणतो, ती नराने पंखावर पंख घासून घातलेली साद असते.

आपल्या पावलाची चाहूल मात्र त्याला केवळ या कानांनी लागत नाही. जमिनीतून येणारी कंपने पायांतील वेगळी संवेदी इंद्रिये टिपतात, तर हवेची हालचाल शेपटाकडील दोन केसाळ उपांगांना जाणवते. त्यामुळे कितीही दबकत गेलात, तरी त्याला फसवणे कठीणच.

नाकतोड्याचे कान पोटाच्या पहिल्या खंडाच्या दोन्ही बाजूंना, पंखांखाली असतात. डासाला तर असा पडदाच नसतो. नराच्या पिसासारख्या मिशा मादीच्या पंखांच्या गुणगुणीने हलतात, आणि मिशांच्या बुडाशी असलेल्या ‘जॉन्स्टन इंद्रिया’तील सुमारे १५,००० संवेदी पेशी ती हालचाल टिपतात.