गूढ शब्दकोडी ग्रुपमध्ये सोडवायला सुरुवात कशी करावी?

आधी एकच गोष्ट पक्की करा, प्रत्येक क्लूमध्ये उत्तराचा सरळ अर्थ असतो तो जवळजवळ नेहमी सुरुवातीला नाहीतर शेवटी, आणि बाकीचा भाग म्हणजे शब्दांचा खेळ. आता हे बघा, ‘नदी उलटली आणि झाला गरीब (२)’. सगळे पूर, शेती, नुकसान असा विचार करत बसतात, पण नदी हा शब्दच उलटा वाचायचा, दीन! म्हणजे गरीब. कंसातला २ म्हणजे उत्तरात दोन अक्षरं; मराठीत अक्षरं मोजायची, काना-मात्रा त्या अक्षरासोबतच जातात.

ग्रुपमध्ये सुटलं की लगेच उत्तर टाकू नका प्लीज, ‘उलटं वाच’ एवढीच हिंट द्या, दुसऱ्याला ते सुटतं तेव्हा खरी मजा येते. इंग्रजी चालत असेल तर ‘द हिंदू’ पेपरमधलं क्रिप्टिक, म्हणजे गूढ शब्दकोडं घ्या, मस्त असतं.