न्यूयॉर्कमध्ये क्रिओल भाषा खरंच बोलतात का, की ती नुसती मोडकी फ्रेंच-इंग्रजी?

मोडकी अजिबात नाही (क्रिओल म्हणजे वेगवेगळ्या भाषांच्या मिसळीतून तयार होऊन पुढे लोकांची मातृभाषा झालेली भाषा), आणि बोलतात म्हणजे काय, दिवसभर कानावर पडते. मी ब्रुकलिनमध्ये फ्लॅटबुशजवळ राहतो, इथे डॉलर व्हॅन असतात (१९८०च्या बस-सबवे संपात सुरू झालेल्या, हात दाखवा नि चढा), आत बसलं की ड्रायव्हरच्या रेडिओवर बऱ्याचदा हैतियन क्रिओलमध्येच वाद चाललेले असतात. शब्द बहुतेक फ्रेंचमधून आलेत हे खरं, पण व्याकरण वेगळंच. 'मांजे' म्हणजे खाणे, मग 'मी खातोय'ला 'म-आप मांजे', 'खाल्लं'ला 'म-ते मांजे', क्रियापद जागचं हलत नाही, कर्ता कोणीही असो. पॅरिसचा माणूस आणून बसवलात तर बरंचसं त्याच्या डोक्यावरून जाईल. १९८७च्या घटनेपासून ती हैतीची राजभाषा आहे, आणि न्यूयॉर्कच्या २०१७च्या कायद्यात सरकारी कागद ज्या १० भाषांत द्यायचे ठरलं त्यात ती आहे (बंगाली, उर्दू आहेत, हिंदी नाही!).

गोची बाकीच्यांची आहे. जमैकन पात्वा, किंवा क्वीन्समध्ये रिचमंड हिलला गयानावाले (गयाना म्हणजे दक्षिण अमेरिकेतला देश) बोलतात ती क्रिओलीज, यांचे शब्द इंग्रजीवरून आलेले, म्हणून ऑफिसवाले धरूनच चालतात की यांना इंग्रजी येतंच, दुभाषा कशाला. तिथल्या लिबर्टी अव्हेन्यूवर फिरलात तर माणसं दिसायला आपल्यासारखी, पणजोबा-खापरपणजोबा बिहार-यूपीतून गयानाच्या ऊसमळ्यांवर गेलेले, देवळात भजनं हिंदीत आणि दुकानात घासाघीस क्रिओलीजमध्ये, सुरुवातीला डोकं चक्रावतं.

त्याहून वाईट हाल गारीफुना भाषेचे. ब्राँक्समध्ये होंडुरासचे गारीफुना लोक भरपूर, पण कागदावर सगळे स्पॅनिशवाले. त्यांची भाषा तर क्रिओलसुद्धा नाही, कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या मूळ लोकांची भाषा, तिथल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांनी ती आपलीशी केली आणि १७९७ला ब्रिटिशांनी त्यांना बोटीत घालून होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर नेऊन टाकलं. मजा म्हणजे तिच्यात तीनच्या पुढचे आकडे फ्रेंचमधून घेतलेत.

आणि नुसती क्रिओल ऐकायची तर न्यूयॉर्कच कशाला, रायगडात कोर्लईला किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिश्चन वस्तीत पोर्तुगीज क्रिओल आजही बोलतात, वाक्यरचनेवर मराठीची चांगलीच छाप आहे. अलिबागकडून येताना रेवदंड्याचा पूल ओलांडला की आलंच.