पॉलिशवाल्याला बोलावण्याआधी टेबलाची मागची बाजू पाहा

एका दिवंगत इंटिरियर डिझायनरच्या घरातले कोरीव कन्सोल टेबल आपण विकत घेतले असून ते पुन्हा चकचकीत करून घ्यावे का, असे आपण विचारले आहे. बारा वर्षांपूर्वी मीही नेमके हेच विचारले होते, फक्त चुकीच्या माणसाला.

माझे टेबल शिसवीचे आहे. पुढच्या पट्टीवर द्राक्षवेल, खाली पंजांचे पाय. कन्सोल भिंतीला लागून ठेवायचे असल्याने त्याची पाठ कोणी सजवत नाही. तिथल्या रंध्याच्या खुणांशेजारी मूळ मालकीणबाईंच्या हातची, खरेदीचे साल लिहिलेली पिवळी चिठ्ठी होती. पॉलिशवाल्याने मशीन फिरवले, चिठ्ठी कचरा म्हणून खरवडली आणि वेलीच्या पानांच्या धारा बोथट करून वर पियूचा (पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकसारख्या चकचकीत लेपाचा) थर चढवला. मी शेजारच्या खोलीत चहा घेत होतो.

पुढे मूल्यांकनासाठी एका कार्यालयात तीनदा खेटे घातले. तिन्ही वेळा 'मूळ कागद आणा' एवढेच ऐकले आणि टेबलाचे फोटो तर कोणी उघडूनही पाहिले नाहीत. त्या संतापाबद्दल लिहायला बसलो तर रात्र होईल.

मी सुतार नाही आणि वकीलही नाही, तरी माझे मत ठाम आहे: कोरीवकामाच्या खोबणीतला काळपटपणा काढू नये. एकोणिसाव्या शतकात मुंबईत घडणाऱ्या शिसवी फर्निचरला 'बॉम्बे ब्लॅकवुड' हे नाव त्याच्या गडद रंगावरूनच पडले. पायाच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा हलकेच टेकवून पाहा. पृष्ठभाग चिकट झाला तर बहुधा लाखेचे पॉलिश आहे, आणि ते जाणकाराकडून जागच्या जागी दुरुस्त होऊ शकते.

डिझायनरचे नाव जोडलेले आहे म्हणून टेबल मूळ स्वरूपात असेल, असेही समजू नका. ही मंडळी वस्तू वापरण्यासाठी घेत. माझ्या टेबलाची वरची फळी बदललेली निघाली. मुलांकडे परदेशी पाठवायचा विचार असल्यास आधी चौकशी करा, कारण पुरातन वस्तूंविषयीच्या 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पावसाळ्यात भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवा.

मात्र सर्वांत आधी, याच आठवड्यात, मागच्या आणि खालच्या बाजूचे फोटो काढून घ्या आणि विकणाऱ्या कुटुंबाकडून सहीचे चार ओळींचे पत्र घ्या; त्यांच्या जुन्या अल्बममध्ये हे टेबल दिसत असेल तर त्या फोटोची प्रतही मागा. मी मागायला गेलो, तोवर ते घर विकले गेले होते आणि फोनही बंद लागत होता.